पाळीव लेपर्ड गेकोचे पचनविकार

लेपर्ड गेको (युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस) हा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांवरचा प्राणी. एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पालींच्या गोतावळ्यातला असूनही त्याला हलणाऱ्या पापण्या असतात आणि बोटांना चिकट गाद्या नसतात, त्यामुळे तो भिंतीवर चढत नाही. दिवस कपारीत काढायचा आणि अंधार पडू लागला की कीटक, कोळी, विंचू, क्वचित एखादी छोटी पाल टिपायची, असा त्याचा क्रम. त्याचे सख्खे भाऊबंद महाराष्ट्रातही आहेत. युब्लेफॅरिस फस्कस ही जाती गुजरात-महाराष्ट्रात आढळते, तर सातपुड्यावरून नाव मिळालेल्या युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस या जातीचे वर्णन २०१४ साली झाले. पाळण्यासाठी विकला जाणारा गेको मात्र अनेक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेला असतो. त्याचे आजारही बऱ्याच अंशी पिंजऱ्याने दिलेले असतात, आणि त्यांत पचनाच्या तक्रारींचा वाटा मोठा आहे.

पचनसंस्थेची रचना साधी आहे. बारीक, एकसारखे दात भक्ष्य धरतात आणि चेंगरतात, चावून बारीक करत नाहीत. त्यामुळे किडा जवळजवळ अख्खाच जठरात जातो. मांसाहारी प्राण्याला साजेसे आतडे आखूड असते. शेवटी मल, मूत्र आणि प्रजनन या तिन्ही मार्गांचे एकच दार असते. त्याला अवस्कर म्हणतात. मूत्र पातळ नसते. युरिक आम्लाचा पांढरट, खडूसारखा गोळा विष्ठेसोबतच बाहेर पडतो. जास्तीची चरबी शेपटीत आणि पोटातल्या चरबीच्या पिशव्यांत साठते. रानात दुष्काळी दिवस याच साठ्यावर निघतात, म्हणून शेपटीची जाडी ही प्रकृतीची सर्वात सोपी खूण आहे.

या यंत्रणेला चालवते ती बाहेरची ऊब. सस्तन प्राण्याचे पोट बाहेर थंडी असो वा ऊन, सारख्याच तापमानाला काम करते. गेकोचे पोट जमिनीइतकेच गरम किंवा गार असते. पाचकरस स्रवणे, आतड्याची लाट पुढे सरकणे, पोषक द्रव्ये शोषली जाणे हे सारे शरीराचे तापमान तिशीच्या आसपास असताना नीट चालते. ते विशीत उतरले की सगळेच मंदावते. गिळलेला किडा पचण्याऐवजी कुजू लागतो, त्यातून वायू धरतो, ओकारी होते किंवा मळ अडून राहतो. यासाठी टेरॅरियमच्या एका टोकाला जमिनीचे तापमान ३२ ते ३४ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २४ ते २६ अंश ठेवतात. प्राणी या दोन टोकांमध्ये फिरून आपले तापमान स्वतःच ठरवतो. दिवस पुरेसा उबदार असेल तर रात्री २० ते २२ अंशांपर्यंतचा उतार त्याला चालतो.

व्यवहारात इथेच चुका होतात. काचेला चिकटवायचा गोल तबकडीचा थर्मामीटर हवेचे तापमान सांगतो, तेही ढोबळ. गेको मात्र जमिनीला पोट टेकून बसतो. थर्मोस्टॅटचा प्रोब जमिनीवर, नेमक्या उबदार जागी असावा लागतो. थर्मोस्टॅटशिवाय लावलेली हीट मॅट पोटाला भाजेल इतकी तापू शकते, आणि भाजल्याच्या भीतीने ती बंद ठेवली तर पोट गार पडते. मुंबईत उन्हाळ्यात रात्रभर एसी चालणारी खोली आणि पुण्या-नाशिकची डिसेंबरची रात्र यांत गेकोच्या दृष्टीने फारसा फरक नाही. वीज बराच काळ जाणार असेल तर त्या संध्याकाळी खाऊ न घालणे शहाणपणाचे. रिकाम्या पोटी तो एखादी थंड रात्र सहज काढतो, भरल्या पोटी ती त्याला जड जाते.

विकार ओळखण्यासाठी आधी निरोगी विष्ठा ओळखता यायला हवी. ती गडद तपकिरी, आकार धरून असलेली असते आणि तिच्या टोकाला पांढरा किंवा किंचित पिवळसर युरेट असतो. वाढीच्या वयातले पिल्लू जवळजवळ रोज मलविसर्जन करते, प्रौढ गेको आठवड्यातून दोन-तीनदा. लेपर्ड गेको बहुधा पेटीचा एकच कोपरा त्यासाठी ठरवून घेतो. पाळणाऱ्यासाठी ही फार सोयीची सवय आहे, कारण नमुना शोधावा लागत नाही. युरेट गडद पिवळा आणि कडक झाला तर पाणी कमी पडते आहे. विष्ठेत अख्खे किडे दिसले तर ऊब कमी आहे किंवा आतडे शोषण करत नाही. सतत ओलसर, दुर्गंधीयुक्त, फेसाळ किंवा रक्ताचा अंश असलेली विष्ठा तपासायला न्यायलाच हवी.

दुसरे साधन म्हणजे वजन. अर्ध्या ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा स्वस्तात मिळतो आणि त्याने होणारे निदान कित्येकदा महागड्या तपासणीआधी होते. प्रौढ मादी साधारण ५० ते ७० ग्रॅम, नर ६० ते ८० ग्रॅम. खास मोठ्या वाणाचे प्राणी १०० ग्रॅमच्याही पुढे जातात. एकाच वजनाला फारसा अर्थ नाही, दर आठवड्याच्या नोंदीला आहे. अंगच्या वजनात दहा टक्के घट झाली की वाट पाहण्याची मुदत संपली असे समजावे.

पाळणाऱ्यांना सर्वात आधी घाबरवणारी गोष्ट म्हणजे गेको खात नाही. यातले बरेच प्रसंग आजाराचे नसतात. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू पहिले काही दिवस पोटातल्या बलकावर जगते आणि पहिली कात टाकल्यावरच खाऊ लागते. कात टाकण्याच्या आदल्या दिवशी प्रौढही अन्नाला तोंड लावत नाही; टाकलेली कात तो स्वतः खाऊन टाकतो, हेही नैसर्गिकच. हिवाळ्यात दिवस लहान झाले की अनेक गेको आठवडेच्या आठवडे जेवण कमी करतात. प्रजननाच्या हंगामात नर माद्यांच्या नादात खाणे विसरतात. माद्या अंडी धरण्याच्या सुमारास उपाशी राहतात, मग तिथे नर असो वा नसो. नवीन घरी आलेला प्राणी आठवडा-दोन आठवडे बिचकून असतो. त्याला रोज हातात घेऊन समजावण्याचा प्रयत्न हा उपास आणखी लांबवतो. या सगळ्यांत शेपटी जाड राहते, वजन जवळपास स्थिर राहते आणि नजर तरतरीत असते. उपासाबरोबर शेपटी बारीक होऊ लागली तर कारण वेगळे आहे.

मादीच्या बाबतीत एक गल्लत नेहमी होते. फुगलेले पोट, मंद हालचाल आणि न खाणे ही मलावरोधाची लक्षणे तशीच अंडी धरल्याचीही आहेत. लेपर्ड गेकोची मादी एका खेपेला बहुधा दोन अंडी घालते आणि शेवटच्या दिवसांत ती पोटाच्या पातळ कातडीतून दोन बाजूंना लांबट फिकट आकृत्यांसारखी दिसतात. नराच्या सहवासाशिवायही निष्फळ अंडी तयार होतात. ती अडली तर तो वेगळाच, पण तितकाच तातडीचा प्रश्न होतो. क्ष-किरण किंवा सोनोग्राफीशिवाय केवळ अंदाजाने अशा मादीचे पोट चोळणे धोक्याचे आहे.

आता खऱ्या आंत्ररोधाकडे. आतड्यात न पचलेल्या वस्तूचा गठ्ठा बसून मार्ग बंद होणे म्हणजे इम्पॅक्शन. या विषयावर पाळणाऱ्यांमध्ये जितके वाद झाले तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या आजारावर झाले असतील, आणि वादाचा मुद्दा एकच: वाळू. लेपर्ड गेको वाळवंटातला, म्हणून त्याला वाळू हवी, असे दुकानदार सांगत आले. हा समज मुळातच चुकीचा आहे. त्याचा मूळ प्रदेश कोरडा असला तरी जमीन टणक माती, खडक आणि सुक्या गवताची आहे. मोकळ्या वाळूच्या टेकड्यांवर तो राहत नाही. त्यातही कॅल्शियम कार्बोनेटची रंगीत वाळू सर्वात वाईट. ‘पोटात गेली तर विरघळेल आणि कॅल्शियमही मिळेल’ अशी तिची जाहिरात होते. प्रत्यक्षात कॅल्शियमची कमतरता असलेला गेको ती मुद्दाम चाटत बसतो, आणि चुना मोठ्या प्रमाणात पोटात गेला की जठरातले आम्ल त्याला पुरे पडत नाही.

तरीही सगळा दोष वाळूवर ढकलणे सोपे आहे, बरोबर नाही. निरोगी, उबदार, पाण्याने तृप्त असलेला प्रौढ गेको किड्याबरोबर तोंडात गेलेले थोडे मातीचे कण विष्ठेवाटे सहज बाहेर टाकतो. माती-वाळूच्या टणक मिश्रणावर वर्षानुवर्षे नीट राहिलेले प्राणी आहेत आणि नुसत्या कागदावर ठेवलेल्या प्राण्यांनाही आंत्ररोध झाला आहे. गठ्ठा बसायला सहसा दोन-तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. तापमान कमी असते, पाणी कमी असते, भक्ष्य आकाराने मोठे किंवा फार जाड कवचाचे असते, आणि शरीरात कॅल्शियम कमी असते. शेवटचे कारण सर्वात दुर्लक्षित आहे. आतड्याच्या स्नायूंना आकुंचनासाठी कॅल्शियम लागते. ते आहारातून मिळाले नाही तर शरीर हाडांतून उपसते. हाडे मऊ होतात, जबडा आणि पाय वाकडे होतात, आणि त्याच वेळी आतड्याची लाटही दुबळी पडते. असा प्राणी भुकेपोटी वाळू चाटतो आणि ती पुढे ढकलण्याची ताकद त्याच्यात नसते. म्हणून आंत्ररोध झालेल्या गेकोच्या क्ष-किरण चित्रात फक्त गठ्ठा पाहून चालत नाही, हाडांची घनताही पाहावी लागते. पिल्लांसाठी, आजारी प्राण्यांसाठी आणि नवख्या पाळणाऱ्यांसाठी टिश्यू पेपर किंवा साधी फरशी हाच उत्तम तळ, याबद्दल मात्र दुमत असू नये.

लक्षणे हळूहळू येतात. आठवडा उलटूनही विष्ठा नाही, पोट टणक आणि फुगलेले, कोपऱ्यात जाऊन कुंथणे, पोटाच्या कातडीतून दिसणारा गडद निळसर डाग, आणि पुढे मागचे पाय ओढत चालणे. निळसर डाग एकटा दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. लहान, पातळ कातडीच्या गेकोमध्ये यकृत आणि पित्ताशय असेच दिसतात.

सौम्य अवस्थेत घरगुती उपाय उपयोगी पडतात, पण ते मोजकेच आहेत. आधी उबदार जागेचे तापमान तपासून दुरुस्त करायचे. मग ३० ते ३२ अंशांच्या कोमट पाण्यात, पाणी हनुवटीपर्यंत न येईल इतक्या उथळ भांड्यात, पंधरा-वीस मिनिटे बसवायचे. दिवसातून एकदा-दोनदा, जवळ उभे राहूनच. या काळात खाऊ घालायचे नाही, पाणी मात्र समोर ठेवायचे. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही, किंवा पाय लटके पडू लागले, तर पशुवैद्य गाठायचा. आपल्याकडे लहान मुलाच्या पोटाला जसे एरंडेल, तसे गेकोलाही पाजावे असे सुचवणारे भेटतात. एरंडेल तर नकोच, खोबरेल किंवा ऑलिव्ह तेलही सिरिंजने तोंडात ओतू नये. गेकोच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे असते. थोडेही तेल तिकडे गेले की फुप्फुसदाह होतो, आणि तो मूळ आजारापेक्षा लवकर जीव घेतो. पशुवैद्य त्वचेखाली किंवा पोटाच्या पोकळीत द्रव देतात, गरज पडल्यास नळीने जठरात वंगण सोडतात, कॅल्शियम देतात. एवढ्यानेही मार्ग मोकळा झाला नाही तर पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागते. इतक्या लहान जिवावर ती होऊ शकते, मात्र उशीर झालेल्या प्राण्यात यशाची आशा कमी.

खाल्लेले परत बाहेर येणे हे वेगळे दुखणे. खाल्ल्यावर काही तासांत जवळजवळ अख्खा किडा बाहेर आला तर तो जठरात पचायला लागलाच नव्हता. भक्ष्य फार मोठे होते, फार भराभर खाल्ले होते, खाल्ल्याबरोबर हाताळले गेले, किंवा जमीन गार होती. दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद किडा देऊ नये, हा जुना नियम आजही सर्वात उपयोगी आहे. एक-दोन दिवसांनंतर अर्धवट पचलेला, आंबट वासाचा लगदा बाहेर येत असेल तर मामला गंभीर. एखादी घटना झाली तर पाच-सहा दिवस पोटाला विश्रांती देऊन लहान किड्यांपासून पुन्हा सुरुवात करतात. ओकाऱ्या वारंवार होऊ लागल्या तर परजीवींची तपासणी टाळता येत नाही.

इथेच एका लोककथेचा निकाल लावायला हवा. मीलवर्म जिवंत गिळला तर तो आतून जठर कुरतडून बाहेर येतो, असे सांगितले जाते. जठरातले आम्ल आणि ऑक्सिजनचा अभाव यांत अळी तेवढा वेळ जगत नाही. मेलेल्या गेकोतून अळी निघताना कोणी पाहिली असेलही, पण ती मृत्यूनंतर. मीलवर्मबद्दलची खरी तक्रार त्याच्या कवचाची आणि कॅल्शियमच्या तुटवड्याची आहे. खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या बहुतेक कीटकांत, मग ते रातकिडे असोत की मीलवर्म, फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. म्हणून किड्यांना देण्याआधी एक-दोन दिवस पालेभाज्या, गाजर, कोंडा असा चांगला आहार खाऊ घालतात आणि वरून कॅल्शियमची पूड लावतात, ठरावीक दिवसांनी ड-३ जीवनसत्त्वासह. बागेत पकडलेले किडे टाळावेत, कारण त्यांच्यावर कीटकनाशक असू शकते. काजवे तर कधीच नाहीत. अमेरिकेतल्या फोटिनस काजव्यांतले विष बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याला मारते हे नोंदले गेले आहे, आणि गेकोवर त्याचा प्रयोग करून पाहण्याचे कारण नाही.

अतिखाण्याचा परिणाम हळू दिसतो, त्यामुळे तो आजार वाटत नाही. वॅक्सवर्म आणि सुपरवर्म चरबीने भरलेले असतात आणि गेकोला ते फार आवडतात. आवडीचे मिळाले की तो बाकी सगळे नाकारतो. शेपटी मानेपेक्षा जाड होते, काखेत फुगे दिसतात, पोट जमिनीला घासते. पुढे चरबी यकृतात भरते. असा लठ्ठ गेको एखाद्या कारणाने अचानक खायचा थांबला की अंगातली चरबी वेगाने यकृताकडे जाते आणि यकृत कोलमडते. प्रौढाला आठवड्यातून दोन-तीनदा खाणे पुरते. वॅक्सवर्म महिन्यातून एक-दोनदा, तेही आजारातून उठलेल्या हडकुळ्या प्राण्याला भूक लागावी म्हणून.

पातळ विष्ठेची कारणे बरीच आहेत. पाणीदार खाद्य किंवा प्रवासाचा ताण यांनी एक-दोन दिवस विष्ठा सैल होते आणि आपोआप सुधारते. त्यापुढे गेली तर सूक्ष्मदर्शकाखाली ताजा नमुना पाहावा लागतो. सापडतात ते बहुधा तीन प्रकारचे पाहुणे. पिनवर्म, म्हणजे बारीक सुतासारखे जंत, पाळीव गेकोत अगदी सर्रास. थोडे असतील तर ते उपद्रव देत नाहीत, पण बंद पेटीत त्यांची अंडी पुन्हा पुन्हा पोटात जाऊन संख्या वाढते. त्यांच्यावर फेनबेंडाझोल चालते. आयसोस्पोरासारखे कॉक्सिडिया पिल्लांना जास्त त्रास देतात, आणि त्यांच्यासाठी टोल्ट्राझुरिल किंवा सल्फा गटातली औषधे वापरतात. शेपूटवाले एकपेशीय फ्लॅजेलेट्स बऱ्याचदा रहिवासी म्हणूनच असतात. ते दिसले म्हणून लगेच मेट्रोनिडाझोल सुरू करणे चुकीचे, कारण या औषधाची मात्रा जास्त झाली तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो. औषधाची मात्रा वजनावर, ग्रॅमच्या हिशेबात ठरते. साठ ग्रॅमच्या प्राण्यासाठी कुत्र्याच्या गोळीचा तुकडा मोडून देणे म्हणजे अंधारात दगड मारणे. आणि औषधाबरोबर पेटी साफ झाली नाही, रोज विष्ठा उचलली गेली नाही, तळ बदलला नाही, तर औषध थांबताच जंत पुन्हा हजर होतात.

इथपर्यंतच्या बहुतेक तक्रारी ऊब, पाणी, खाद्य आणि स्वच्छता सुधारून आटोक्यात येतात. ज्याच्यापुढे उत्तम निगाही हात टेकते असा एक आजार उरतो: क्रिप्टोस्पोरिडियोसिस, पाळणाऱ्यांच्या बोलीत ‘क्रिप्टो’. सरड्या-पालींत तो घडवणारा एकपेशीय परजीवी क्रिप्टोस्पोरिडियम व्हॅरॅनाय. १९९८ पासून काही वर्षे त्याला क्रिप्टोस्पोरिडियम सॉरोफिलम म्हणत, आणि जुन्या तपासणी अहवालांत तेच नाव भेटते. सापांत जठराला धरणारी क्रिप्टोस्पोरिडियम सर्पेंटिस ही त्याची दुसरी जाती. लेपर्ड गेकोत तो लहान आतड्याच्या अस्तरावर वस्ती करतो. अस्तरावरचे शोषण करणारे बारीक अंकुर आखडतात, अन्न आतड्यातून नुसते वाहून जाते. प्राणी सुरुवातीला भरपूर खातो आणि तरीही वाळत जातो. मग खाणे सुटते, विष्ठा पातळ होते, ओकाऱ्या होतात, शेपटी काडीसारखी होते. या अवस्थेला इंग्रजी बोलीत ‘स्टिक टेल’ म्हणतात. मात्र काडीसारखी शेपटी म्हणजे क्रिप्टोच असे नव्हे. उपासमार, जंतांचा अतिरेक, जुनाट यकृतविकार यांतही शेपटी तशीच होते, आणि नुसत्या शेपटीवरून प्राण्याला मृत्यूचा शिक्का मारणे अन्यायाचे आहे.

क्रिप्टो इतका चिवट का, हे त्याच्या जीवनक्रमात दडले आहे. विष्ठेतून बाहेर पडणारी त्याची पुटी (उओसिस्ट) साधारण पाच मायक्रोमीटरची असते आणि बाहेर पडताक्षणीच संसर्ग करू शकते. इतर अनेक परजीवींप्रमाणे तिला पक्व होण्यासाठी वेळ लागत नाही. काही पुट्या तर आतड्यातच फुटून त्याच प्राण्याला पुन्हा बाधा करतात. हात, चिमटे, पाण्याची भांडी यांच्यावरून ती एका पेटीतून दुसरीत जाते. एका पेटीत न खाल्लेला रातकिडा उचलून दुसरीत टाकणे हा तर संसर्गाचा राजमार्ग. काही गेको कोणतेही लक्षण न दाखवता महिनोन्‌महिने पुट्या टाकत राहतात. त्यामुळे मोठ्या प्रजनन केंद्रांत आजार लक्षात येतो तेव्हा तो बराच पसरलेला असतो.

निदान एका तपासणीवर ठरत नाही. पुट्या सलग बाहेर पडत नाहीत, कधी पडतात, कधी नाही. विष्ठेच्या लेपावर आम्लस्थिर रंजन केल्यावर त्या लालसर दिसतात. पीसीआर चाचणी अधिक संवेदनशील आहे आणि जातही ओळखते. जात ओळखणे महत्त्वाचे, कारण उंदराची पिल्ले खाल्लेल्या गेकोच्या विष्ठेत उंदराचा क्रिप्टोस्पोरिडियम नुसता वाहत आलेला असू शकतो. म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने तीन-चार नमुने तपासतात. एका ‘निगेटिव्ह’ अहवालावर प्राणी निरोगी ठरत नाही. मेलेल्या प्राण्याचे शवविच्छेदन करून आतड्याचे छेद पाहणे हा सर्वात भरवशाचा मार्ग, आणि घरात आणखी गेको असतील तर तो खर्च करण्यासारखा आहे.

उपचाराची बाजू लंगडी आहे. पॅरोमोमायसिन या प्रतिजैविकाने लक्षणे दबतात, काही प्राण्यांचे वजनही वाढते. औषध थांबवल्यावर अनेकांत आजार उलटतो. परजीवी पूर्ण नाहीसा करणारे खात्रीचे औषध उपलब्ध नाही. एकटाच गेको असेल, तो खात असेल आणि त्याला फार यातना नसतील, तर निगा आणि औषध यांवर त्याला काही काळ बरे दिवस काढता येतात. अनेक प्राण्यांच्या संग्रहात, किंवा हाडांचा सापळा उरलेल्या प्राण्याबाबत, पशुवैद्य दयामरणाचा सल्ला देतात, आणि तो निर्दयपणा नव्हे. घरगुती ब्लीचने या पुट्या मरत नाहीत, हे फार जणांना ठाऊक नसते. उकळते पाणी किंवा वाफ आणि त्यानंतर पूर्ण कोरडे करणे हा सुरक्षित उपाय. तीव्र अमोनियाही काम करतो, पण त्याच्या वाफा घातक असतात आणि तो ब्लीचमध्ये मिसळला तर विषारी वायू तयार होतो. लाकूड, साल, बुचाच्या सच्छिद्र वस्तू सरळ फेकून द्याव्यात. क्रिप्टोस्पोरिडियमच्या माणसाला छळणाऱ्या जाती वेगळ्या आहेत. गेकोतला हा परजीवी माणसाला बाधत नाही असे मानले जाते.

अवस्करातून लालसर मांसल भाग बाहेर आलेला दिसला तर ती तासांत मोजायची तातडी आहे. जोराने कुंथणे, जंत, आंत्ररोध किंवा अडलेली अंडी यांनी आतड्याचा किंवा अवस्कराचा भाग उलटून बाहेर येतो. नरात लिंगाचाही येऊ शकतो. तो भाग वाळला की मरतो. स्वच्छ सलाइनने तो ओला ठेवायचा, कोरड्या तळावरून उचलून ओल्या टिश्यू पेपरवर प्राणी ठेवायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. वाटेत साखरेचा दाट पाक लावला तर सूज उतरून भाग आत जायला मदत होते. बोटाने तो आत ढकलू नये. आत गेला तरी मूळ कारण शोधले नाही तर तो पुन्हा येतो.

दवाखान्यात जाताना न्यायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: चोवीस तासांच्या आतला विष्ठेचा नमुना ओल्या कापसासह बंद डबीत, वजनाची नोंद, पेटीच्या दोन्ही टोकांचे तापमान आणि खाद्याची यादी. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य मोठ्या शहरांतही मोजकेच आहेत, म्हणून त्यांचा पत्ता प्राणी आजारी पडण्याआधी शोधून ठेवावा. उपचारांचा क्रमही महत्त्वाचा. वाळलेल्या, गार पडलेल्या गेकोला आधी ऊब, मग द्रव, आणि त्यानंतरच अन्न द्यायचे. हा क्रम उलटा करून उपाशी प्राण्याच्या तोंडात भराभर अन्न कोंबले तर न चालणाऱ्या आतड्यात ते सडते, शिवाय दीर्घ उपासानंतर अचानक मिळालेल्या भरपूर अन्नाने रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडतो. मांसाहारी प्राण्यांसाठी मिळणारी पूड पाण्यात कालवून नाकपुडीच्या टोकावर थेंबाथेंबाने लावली की बहुतेक गेको ती स्वतःच चाटतात.

नव्याने आणलेला गेको दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, कागदाच्या तळावर, स्वतःच्या चिमट्या-भांड्यांसह ठेवण्याला पर्याय नाही. त्या मुदतीत विष्ठा किमान दोनदा तपासून घ्यावी आणि रोजच्या कामात त्याची पेटी सर्वात शेवटी उघडावी. दोन गेको एकाच पेटीत ठेवण्याची हौसही पचनाच्या मुळावर येते. दबलेला प्राणी उबदार जागेपासून आणि अन्नापासून दूर राहतो, आणि विष्ठा कोणाची हेच कळेनासे होते.

पूर्ण निरोगी दिसणाऱ्या गेकोच्या आतड्यातही साल्मोनेला जिवाणू असू शकतो. गेकोला त्याचा त्रास होत नाही, लहान मुलांना आणि वृद्धांना होऊ शकतो. पाच वर्षांखालची मुले, गर्भवती स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसे यांनी गेको हाताळू नये. इतरांनी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि गेकोची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत कधीही घासू नयेत.